ट्यूडर काळातले कपडे शिवायचेत? नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

ट्यूडर काळ म्हणजे नेमका कोणता?

सातवा हेन्री इंग्लंडच्या गादीवर बसला तिथपासून पहिली एलिझाबेथ वारली तिथपर्यंत, म्हणजे १४८५ ते १६०३. आपल्या हिशोबाने सांगायचं तर एकनाथ महाराज आणि ही एलिझाबेथ साधारण एकाच सुमाराला जन्मले. चांदबिबी अहमदनगरचा किल्ला लढवत होती तेव्हा लंडनमध्ये शेक्सपिअरची नाटकं रंगत होती.

एकशे अठरा वर्षांत कपडे कितीतरी बदलले. १५००च्या आसपासचे झगे मऊ, अंगावरून सरळ ओघळणारे. १५४०मध्ये आठव्या हेन्रीचे ते रुंदच रुंद खांदे. १५९०मध्ये गळ्याभोवती ताटाएवढी रफ, म्हणजे चुण्यांची ताठ कॉलर, आणि कमरेला चाकासारखं आडवं पसरलेलं फार्दिंगेल. तेव्हा ‘ट्यूडर ड्रेस शिवायचाय’ एवढं म्हणून भागत नाही. आधी दशक ठरवा, मग माणूस ठरवा (बाई की बुवा, शेतावरचा की दरबारातला), आणि मगच कात्रीला हात घाला.

सुरुवात कशापासून करू? मला ॲन बोलिनसारखा झगा हवाय.

ॲन बोलिन म्हणजे आठव्या हेन्रीची दुसरी राणी. तिच्यासारखा झगा सगळ्यांनाच हवा असतो. पण तो पहिला शिवायला घेऊ नका.

दरबारी पोशाख म्हणजे पाच-सहा कपड्यांचा डोलारा. आतला प्रत्येक थर बाहेरच्याला आधार देतो. तो आधार नसताना नुसता वरचा मखमली झगा शिवला तर तो अंगावर लोंबतो आणि शाळेच्या गॅदरिंगमधली राणी तयार होते. दोष मखमलीचा नसतो, आत काही नसण्याचा असतो.

माझं सांगणं असं, की १५४० ते १५७० या काळातली लंडनमधली साधी, कामकरी किंवा छोट्या व्यापाऱ्याच्या घरची बाई डोळ्यासमोर ठेवा. तिच्या अंगावर लिननचा स्मॉक (आतला सैल झगा), लोकरीचा कर्टल (त्यावरचा अंगाबरोबरचा झगा), गळ्याशी पांढरा रुमाल, पुढे ॲप्रन आणि डोक्यावर कॉइफ (लिननची टोपी). एवढ्यात पोशाख पुरा होतो. शिवाय हेच स्मॉक आणि कर्टल पुढे वरच्या झग्याखाली वापरता येतात, त्यामुळे काही वाया जात नाही.

कपड्यांचे थर कोणते आणि घालायचे कुठल्या क्रमाने?

सगळ्यांत आत स्मॉक, अंगाला लागून, गुडघ्याच्या खाली येणारा. मग होज म्हणजे पायमोजे; ते गुडघ्याखाली पट्टीने बांधायचे. बूटही याच वेळी चढवा, कारण कर्टल घट्ट आवळल्यावर वाकायचं जिवावर येतं. त्यावर हवा असेल तर परकर. मग कर्टल, म्हणजे परकर-पोलकं कमरेत जोडून एकच कपडा केला तर जसा होईल तसा. बाह्या बऱ्याचदा वेगळ्या असत आणि खांद्याशी टाचण्यांनी किंवा बंदांनी अडकवत. गळा झाकायला पार्टलेट किंवा त्रिकोणी रुमाल. थंडी असेल किंवा चार लोकांत जायचं असेल तर या सगळ्यावर गाउन.

स्पॅनिश फार्दिंगेल, म्हणजे कड्या घातलेला घंटेच्या आकाराचा परकर, हे श्रीमंतांचं प्रकरण. भांडी घासणारी बाई तो घालत नसे. पहिल्या पोशाखात त्याला सुट्टी द्या.

कापड कोणतं घ्यायचं? सुती चालत नाही का?

अंगाला लागणारं सगळं लिनन, वरचं सगळं लोकर. नवशिक्याने एवढं पाळलं तरी निम्मी लढाई जिंकली.

इंग्लंडमध्ये तेव्हा कापूस अजिबात नव्हता असं नाही. फस्टियन नावाच्या कापडात लिननच्या ताण्यावर सुताचा बाणा असे. पण आपल्या देशातलं सुती कापड तिकडे ढिगाने जायला लागलं ते पुढच्या शतकात. ईस्ट इंडिया कंपनीची सनदच मुळी ३१ डिसेंबर १६०० रोजी निघाली, तेव्हा ट्यूडर घराण्याची जेमतेम सव्वादोन वर्षं उरली होती.

तरीही सरावाचा पहिला स्मॉक सुती मलमलीऐवजी जरा जाडसर, घट्ट विणीच्या सुती कापडात शिवला तर आभाळ कोसळत नाही. लिनन महाग आहे, आणि पहिल्यांदा कापताना हात थरथरतोच. पॉलिस्टर मात्र नको. ते चकाकतं, घाम धरून ठेवतं आणि चुणी घेतली की फुगून बसतं. चूल पेटवून दाखवायचा कार्यक्रम असेल तर सिंथेटिक कपड्यात आगीजवळ जाणं धोक्याचंही आहे; लोकर सहजी पेट घेत नाही.

लोकरीत एक गंमत आहे. त्या काळचं इंग्लिश ब्रॉडक्लॉथ विणून झाल्यावर पाण्यात कुटून, आटवून दाट करत, इतकं की कापल्यावर त्याच्या कडा उसवत नसत. कडा मुडपायची गरजच नाही. आज त्याच्या जवळ जाणारं कापड म्हणजे मेल्टन, किंवा ओव्हरकोटाचं लोकरी कापड. घेण्याआधी कोपऱ्यातला एक धागा ओढून जाळून पाहा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरगळली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर तो गठ्ठा दुकानदाराला परत.

हे कापड आपल्याकडे मिळतं का?

लिनन आता मोठ्या शहरांत सहज मिळतं. मुंबईत मंगळदास मार्केटला एक फेरी मारा, पुण्यात लक्ष्मी रोड आणि रविवार पेठ. शर्टाचं लिनन स्मॉकला उत्तम. फक्त ‘लिनन लुक’ किंवा ‘लिनन ब्लेंड’ म्हटलं की कान टवकारा.

लोकरीची पंचाईत होते. आपल्याकडे सुटाचं लोकरी कापड मिळतं, पण ते पातळ आणि गुळगुळीत. त्यातल्या त्यात फ्लॅनेल मागा, खडबडीत दिसणारं. दिल्ली-लुधियानाकडचं शालीचं जाड कापडही चालतं, पण तिथे ॲक्रिलिकची भेसळ फार. इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्यांना हा त्रास नाही. तिकडे हौशी मंडळींसाठी असं कापड विकणारे व्यापारी आहेत, आणि जुन्या बाजारातली शुद्ध लोकरीची ब्लँकेटंही कामी येतात.

काहीही घ्या, कापण्याआधी धुवा. लिनन गरम पाण्यात दोनदा, कारण ते आटतं. लोकर ओल्या फडक्यावरून वाफेची इस्त्री फिरवून आटवून घ्या.

पैठणीचं किंवा ब्रोकेडचं कापड वापरू का? घरात पडून आहे.

साध्या बाईच्या पोशाखाला नको, ती ब्रोकेड घालत नव्हतीच. दरबारी कपड्यालाही जपून. त्या काळच्या भारी रेशमावर, विशेषतः इटलीहून येणाऱ्या मखमलीवर, डाळिंबाची मोठमोठी नक्षी असे. मोर, कोयरी आणि नारळी काठ दिसले की बघणाऱ्याचं मन थेट येवल्याला जातं. बिनबुट्टीचं साधं रेशीम असेल तर झग्याच्या किनारीला वापरा, छान दिसतं.

रंग कुठला? कायद्याने बंदी होती म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. कोणी काय नेसावं-घालावं यावर हेन्रीपासून एलिझाबेथपर्यंत कायदे आणि फर्मानं निघत राहिली. १५३३चा कायदा आणि १५७४चं फर्मान ही त्यातली ठळक. जांभळं रेशीम, जरतारी कापड, सेबल नावाच्या प्राण्याची फर या गोष्टी राजघराण्याला आणि वरच्या मोजक्या उमरावांना. हे कायदे पुन्हा पुन्हा काढावे लागले, यावरूनच लोक ते किती पाळत होते ते समजा.

नवशिक्याला यातून घ्यायचं ते इतकंच, की जांभळा टाळा. बाकी रंग भरपूर आहेत. तांबडा मॅडरच्या मुळापासून, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्या युरोपातल्या बहिणीपासून. पिवळा वेल्ड नावाच्या झाडापासून. निळा वोडपासून. पिवळ्यावर निळा चढवला की हिरवा. वोडमध्ये आणि आपल्या नीळीत रंगद्रव्य एकच असतं, फक्त नीळीत ते बरंच जास्त. पोर्तुगीज गोव्यामार्गे ही नीळ लिस्बनला नेत होते, त्यामुळे त्या शतकात युरोपातल्या रंगाऱ्यांना तिची ओळख झालेली होती. लॉगवुड हा अमेरिकेतून आलेला लाकडाचा रंग मात्र उडतो म्हणून इंग्लंडने १५८१मध्ये कायद्याने बंद केला.

साध्या लोकांच्या मृत्युपत्रांत लाल परकर वारंवार सापडतात. कोणाला कोणता परकर द्यायचा हेही लिहून ठेवायचे लोक, इतका कपडा मोलाचा. तेव्हा विटकरी लाल परकर आणि त्यावर तपकिरी, करडा किंवा निळा कर्टल, असा मेळ घाला. सगळंच मातकट करू नका. ‘गरीब म्हणजे मळकट’ हा सिनेमावाल्यांचा समज आहे.

स्मॉक कसा कापायचा? पॅटर्न कुठून आणू?

पॅटर्न नको. स्मॉकमध्ये एकही गोलाई नाही, सगळे चौकोन आणि त्रिकोण. आपल्या जुन्या कुडत्याला काखेत चौकोनी तुकडा आणि बाजूला कळ्या असतात ना, तीच रीत इथेही आहे. अरुंद मागावरचं कापड दोन्हीकडे महाग होतं, चिंधीसुद्धा वाया घालवायची कोणाची तयारी नव्हती. त्यामुळे इंग्लंड असो की दख्खन, कात्री एकाच वाटेने गेली.

मध्यम बांध्याच्या बाईसाठी १४५ सेंटिमीटर पन्ह्याचं अडीच मीटर लिनन पुरतं. आटण्यासाठी पाव मीटर जास्त घ्या. हे तुकडे काढा, माया यातच धरली आहे:

अंगाचा तुकडा ७० सेंटिमीटर रुंद, २३० लांब. हा खांद्यावरून दुमडून पुढे-मागे खाली सोडायचा, खांद्याला शिवण येत नाही. उरलेल्या ७५ सेंटिमीटरच्या पट्टीतून बाह्या दोन, प्रत्येकी ४५ रुंद आणि ५५ लांब. काखेचे चौकोन दोन, १५ बाय १५. कळ्यांसाठी ३० बाय ६५चे दोन आयत, प्रत्येक कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका कापला की चार कळ्या. राहिलेल्या तुकड्यांतून मनगटाच्या पट्ट्या.

गळा सगळ्यांत शेवटी, आणि आधी लहानच कापा. खांद्याच्या घडीवर मधोमध आडवी चीर द्या, डोकं जाईल एवढीच. मग अंगावर घालून आरशासमोर चौकोनी गळा खडूने आखा. पुढे खोल, मागे उथळ. कापलेला गळा वाढवता येतो, भरून काढता येत नाही.

जोडताना अडखळायला होतं ते काखेच्या चौकोनापाशी. तो आधी बाहीला जोडून घ्या: चौकोनाची एक कड बाहीच्या काखेकडच्या कडेला, वरच्या टोकापासून १५ सेंटिमीटरपर्यंत. मग बाही दुमडून चौकोनाची शेजारची कड बाहीच्या दुसऱ्या बाजूला. आता बाही आणि चौकोन मिळून अंगाला एका दमात जोडा, बाहीचा मध्य खांद्याच्या घडीवर येईल असा. कोपऱ्यात शिवण मायेच्या आत दीड सेंटिमीटरवर थांबली पाहिजे. कोपऱ्याच्या शेवटापर्यंत टीप मारली तर तिथे सुरकुती धरते आणि पहिल्यांदा हात वर केला की नेमकं तिथेच फाटतं. शेवटी काखेखालून कळ्या आणि बाजूच्या शिवणी.

शिवणींच्या कडा आत दुमडून हातशिलाईने बंद करा. स्मॉक सतत धुतला जायचा, उघड्या कडा टिकत नाहीत.

मशीनवर शिवलं तर चालेल का?

चालेल. लांब, आतल्या, कोणाला न दिसणाऱ्या शिवणी मशीनवर मारा. गळा, मनगट, घेराची खालची कड आणि नाडीची भोकं हाताने करा. चार हातांवरून बघणाऱ्याला एवढ्यावर पूर्ण कपडा हाताने शिवल्यासारखा वाटतो.

पूर्ण हाताने शिवायची हौस असेल तर स्मॉकपासून करा. लिननचा दोरा मेणावरून ओढून घ्या, गुंता होत नाही. धावदोरा आणि मध्ये मध्ये उलटी टीप, एवढे दोन टाके आले तरी स्मॉक होतो. पंधरा-वीस तासांची बेगमी ठेवा. अंगुस्तान वापरायची सवय लावून घ्या, लोकरीच्या चार थरांतून सुई काढताना बोटाची आठवण येते.

कर्टल कसा बेतायचा?

इथे खरी परीक्षा आहे, म्हणून घाई नको.

पहिली गोष्ट, ब्लाउजचं गणित विसरा. आपण ब्लाउजला टक्स घेतो. कर्टलच्या चोळीला एकही टक्स नाही. छातीचा उभार दाखवायचा नसून सपाट, उचललेला आकार द्यायचा आहे, आणि तो फक्त पुढच्या व बाजूच्या शिवणींतून येतो. ब्लाउजच्या मापावर कर्टल बेतणाऱ्यांचा समोरचा भाग हमखास फुगतो.

मांजरपाटाचा कच्चा नमुना करा. स्मॉक घाला, त्यावर मांजरपाटाचे चार तुकडे (पुढचे दोन, मागचे दोन) टाचण्यांनी अंगावरच बसवा. यासाठी मदतीला दुसरं माणूस लागतंच. बहिणीला, नवऱ्याला, शेजारच्या काकूंना, कोणालाही पकडा. पुढची कड सरळ रेषेत, गळा रुंद आणि चौकोनी, खांद्याची पट्टी अरुंद. मुंढा काखेच्या अगदी जवळ ठेवा. सैल मुंढ्यात हात मोकळा राहतो असं वाटतं, पण होतं उलटंच: हात वर केला की सगळी चोळी वर येते. कंबर खरीखुरी कमरेवर, बेंबीच्या जरा वर.

पुढच्या दोन कडा एकमेकींना टेकायला नकोत, मध्ये तीन-चार सेंटिमीटर फट हवी. नाडीने आवळल्यावर कापड ताणतं आणि ती फट मिटते. आधीच टेकल्या तर आवळायला जागाच उरत नाही, आणि आवळल्याशिवाय आधार नाही.

नमुना बसला की तो उसवून त्यावरून तीन थर कापा: बाहेरून लोकर, मध्ये कॅनव्हास, आत लिननचं अस्तर. कॅनव्हास दुहेरी घेऊन त्यावर उभ्या धावदोऱ्यांच्या ओळी मारल्या तर चोळी चांगली ताठ होते. टेलरकडचं चिकटवायचं बकरम घेऊ नका. ते दोन वेळा घाम लागला की सुटतं आणि फोड आल्यासारखं दिसतं.

घागऱ्याला १५० पन्ह्याचे दोन पूर्ण तुकडे, प्रत्येकी कंबर ते घोटा अधिक पाच सेंटिमीटर. घेर तीन मीटर येतो. चोळी आणि बाह्या धरून साडेतीन मीटर लोकर लागते.

हा तीन मीटरचा घेर सत्तरेक सेंटिमीटरच्या कमरेत बसवायचा कसा? वरची कड तीन-चार सेंटिमीटर आत दुमडा. दुमडलेल्या भागावर पक्क्या दोऱ्याने धावदोऱ्याच्या दोन समांतर ओळी घाला, टाके एक-एक सेंटिमीटरचे, आणि खालच्या ओळीचा प्रत्येक टाका वरच्याच्या बरोबर खाली. दोन्ही दोरे एकत्र ओढले की कापड बाजाच्या भात्यासारख्या उभ्या नळ्यांत गोळा होतं. मग प्रत्येक नळी चोळीच्या कडेला दोन-दोन टाक्यांनी अडकवा. वेळखाऊ काम आहे, पण एकदा झालं की घागरा कमरेपासून असा झोकात पडतो की पुन्हा साध्या चुण्या घ्याव्याशा वाटत नाहीत. पुढे मधोमध वीसेक सेंटिमीटर उघडं ठेवायला विसरू नका, नाहीतर कर्टल अंगावर चढणार नाही.

कॉर्सेट लागतो का?

नाही. या शतकाच्या बऱ्याच काळात आधाराचं काम ताठ केलेली चोळीच करत होती. वेगळी, हाडं (ताठ पट्ट्या) घातलेली ‘बॉडीज’ शतकाच्या उत्तरार्धात आणि तीही वरच्या वर्गात दिसते. एलिझाबेथच्या अंत्ययात्रेसाठी १६०३मध्ये केलेल्या पुतळ्यावरची अशी बॉडीज वेस्टमिन्स्टर ॲबीत जपून ठेवली आहे. बाजारात मिळणारा कमर आवळणारा कॉर्सेट हा व्हिक्टोरियन बेताचा, म्हणजे तीनशे वर्षं पुढचा. तो आत घातला की वरचा कर्टल कितीही नेटका शिवलेला असो, बांधा चुकतो. भरदार छाती असलेल्यांनी कॅनव्हासचा एक थर वाढवावा, त्याने भागतं.

चेन, बटणं, हूक यांतलं काय लावू?

चेन नाही. हूक-आकडे होते, बिनधास्त लावा. बटणं पुरुषांच्या डब्लेटवर, म्हणजे अंगाबरोबर बसणाऱ्या आखूड कोटावर असत. बायकांच्या कर्टलला नाडी, आणि ती बुटाच्या लेससारखी फुली-फुली नाही. एकच नाडी खालून वर नागमोडी जाते. त्यासाठी दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर न घेता एक आड एक घ्या.

ही भोकं टोच्याने पाडा, पंचाने कापू नका. टोच्या धागे बाजूला सारतो, तोडत नाही. मग भोकाच्या कडेने गोल टाके घालून ते पक्कं करा. धातूची आयलेट फार पुढे आली, आणि ती लांबूनही चमकतात. दोन सेंटिमीटरवर एक भोक म्हटलं तर एका कर्टलला तीस-पस्तीस होतात. रात्री मालिका बघता बघता करायचं काम.

डोक्यावर काही घालायलाच हवं का?

हवंच. मोकळे केस सोडून फिरणारी सवाष्ण तिथे कुठेच दिसत नाही. पोशाख साधला की नाही हे पाहणाऱ्याला सगळ्यांत आधी डोक्यावरून कळतं, आणि खर्च तर नगण्य: अर्धा मीटर लिनन. कॉइफ म्हणजे एक तुकडा दुमडून वरची शिवण घालायची, टाळूपाशी चुण्या, मानेशी नाडी. आत केसांची वेणी घालून ती डोक्याभोवती गुंडाळा, म्हणजे टाचणीला पकड मिळते. बाहेर जाताना त्यावर हॅट.

टोप्यांचा तर कायदाच होता. इंग्लिश लोकरीच्या धंद्याला हात द्यायला १५७१मध्ये फर्मावलं गेलं, की उमराव वगैरे सोडून सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने रविवारी आणि सणाला लोकरीची विणलेली टोपी घालायची, नाहीतर दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड. १५९७मध्ये तो कायदा गेला.

पुरुषांचा पोशाख सोपा की अवघड?

शर्ट सोपा, अगदी स्मॉकच, फक्त आखूड. डब्लेट अवघड, कारण त्यात कोटाइतकं बेतकाम आहे. होज मागावरच्या कापडातून उरेब (तिरकी) कापतात, म्हणजे पायाला ताणून बसते. हातविणीचे मोजे शतकभरात हळूहळू रुळले. कॉडपीसबद्दल सगळे दबक्या आवाजात विचारतात. हो, तो होता, आणि हेन्रीच्या काळात चांगला ऐटीत पुढे काढलेला होता. साध्या माणसाचा मात्र बेताचा, होजची पुढची फट झाकणारा त्रिकोणी तुकडा. नाटकासाठी शिवत असाल तर हाच बरा. प्रेक्षक नको तिथे हसत नाहीत.

रफ कशी करायची?

पहिल्या पोशाखात करू नका. लिननची लांबलचक पट्टी, प्रत्येक घडी स्टार्चने उभी करायची, हे स्वतंत्र शास्त्र आहे. १५६४मध्ये डिंगेन व्हॅन डर प्लासे नावाची बाई लंडनला आली आणि पैसे घेऊन स्टार्च करायला शिकवू लागली, तेव्हापासून रफा वाढत गेल्या. त्याआधीची बाई दाखवायची असेल तर स्मॉकच्या कॉलरला बोटभर झालर पुरे.

बूट?

सपाट चामड्याचे, टाच नसलेले. हेन्रीच्या काळात चवडा रुंद, पुढे तो अरुंद होत गेला. नवे करायचे नसतील तर साधे काळे किंवा तपकिरी चामडी फ्लॅट्स; घेर घोट्यापर्यंत असल्याने फारसं दिसत नाही. शोभेचं बक्कल उपटून टाका.

खरे नमुने कुठे पाहायचे?

साध्या लोकांचे कपडे जवळजवळ उरलेच नाहीत. झिजेपर्यंत वापरले, मग चिंध्या झाल्या. मोठा अपवाद ‘मेरी रोज’ या जहाजाचा. १९ जुलै १५४५ रोजी ते पोर्ट्समथजवळ बुडालं आणि ११ ऑक्टोबर १९८२ला वर काढलं. खलाशांची चामडी जर्किनं (आखूड अंगरखे), बूट, लोकरीचे आणि रेशमाचे तुकडे समुद्रतळाच्या गाळात टिकले. लिनन मात्र कुजलं. त्यामुळे चामड्यावर सुईची भोकं रांगेने दिसतात आणि त्यांतला दोरा नाही. शिवणाऱ्याला ती भोकंच वाचायची असतात: टाका किती अंतरावर, माया किती. पोर्ट्समथच्या संग्रहालयात हे सगळं मांडलं आहे.

बाकी भिस्त चित्रांवर. होल्बाइनने १५३६च्या सुमाराला काढलेलं जेन स्मॉल या कापड व्यापाऱ्याच्या बायकोचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जेमतेम पाच सेंटिमीटरचं, पण मोठं करून पाहा: खांद्यावरचा पांढरा रुमाल, गळ्याशी आणि मनगटाशी काळ्या दोऱ्याचा कशिदा. दरबाराबाहेरच्या बाईचा यापेक्षा चांगला नमुना मिळणं कठीण. गर्दीतली माणसं बघायची तर योरिस हूफनागेलच्या नावावर सांगितलं जाणारं, १५६९च्या सुमाराचं बर्मंड्सीच्या समारंभाचं चित्र, हॅटफील्ड हाउसमधलं. नवशिक्याने राण्यांची चित्रं कमी आणि हे चित्र जास्त पाहावं. दुकानांत तयार विकल्या जाणाऱ्या ‘ट्यूडर कॉस्च्यूम’च्या फोटोंवरून काहीही शिवू नका.

त्या काळात असे कपडे घातलेला कोणी इंग्रज आपल्याकडे आला होता का?

आला होता. फादर थॉमस स्टीफन्स ऑक्टोबर १५७९मध्ये गोव्यात उतरले, मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे तेच. जन्माने पक्के ट्यूडर इंग्रज, पण अंगात जेझुइटांचा झगा, म्हणजे आपल्या कामाचे नाहीत. व्यापारी राल्फ फिच आणि त्याचे सोबती १५८३मध्ये गोव्याला आणले गेले तेही कैदी म्हणून. गोव्याच्या उकाड्यात लोकरीच्या डब्लेटचं त्यांनी काय केलं असेल, हे मला नेहमी कुतूहल वाटतं.

मग आपल्याकडच्या उन्हात हे घालायचं कसं?

डिसेंबर-जानेवारीत, सकाळी किंवा संध्याकाळी. पुण्या-नाशकात तेव्हा निभतं. मुंबईत एसी सभागृह गाठा. कर्टलला पातळ लोकरी सूटिंग घ्या, गाउन आणि परकर गाळा, बाह्या काढून ठेवा. काम करताना त्याही काळी बायका तसंच करत. लिनन मात्र खरंच हवं. ते घाम टिपून घेतं आणि लगेच सुकतं, म्हणून लोकर त्याच्यावर सुसह्य होते. कार्यक्रम लांबला तर मध्यंतरात दुसरा स्मॉक बदला.

धुवायचं आणि ठेवायचं कसं?

स्मॉक, कॉइफ, रुमाल आणि ॲप्रन घरच्या मशीनमध्ये, गरम पाण्यात. ओलसर असतानाच इस्त्री करा. कर्टल धुवायचा नाही. वापरल्यावर रात्रभर हवेशीर टांगा, चिखल वाळू द्या आणि ब्रशने झाडा. काखेशी वास राहिला तर अस्तराच्या बाजूने पाण्यात थोडी व्होडका मिसळून फवारा मारा, नाटकवाल्यांची जुनी युक्ती आहे. पावसाळ्याआधी जुन्या सुती साडीत गुंडाळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा आणि ऊन पडलं की मधून मधून बाहेर काढा. कसरीला लोकर फार आवडते, आणि ती नेमकी पुढच्या चोळीवरच बसते.